कस्तुराबाईचं मत

कामशेतच्या चाँदबीची बांगड्यांची पेटी नाणे मावळातल्या दहा-बारा गावांत फिरायची. गावात शिरली की तिची हाक आधी ऐकू यायची आणि मग ती दिसायची. पण १९३६ सालच्या दिवाळीनंतर एका दुपारी ती करंजवाडीत आली ती हाक न घालता. थेट कस्तुराबाई शेलारच्या ओट्यावर पेटी टेकवून बसली.

कस्तुराबाई उखळात भात कांडत होती. म्हणाली, "आज मुकी का गं?"

"कस्तुरे, तुजं नाव सरकारी यादीत आलंय. कौन्सिलच्या निवडणुकीत तू मत देनार हायेस म्हनं."

"मी?" कस्तुराबाई हसली. "माज्या नावावर ना जमीन, ना मला अक्षर येतं. मला कोन ईचारतंय?"

"आगं, चावडीत तलाठी वाचत हुता, मी सवता ऐकलं. गावात बाया तीनच. पाटलीणबाई, इनामदाराची सून आनि तू." चाँदबी थांबली. पेटीच्या कडीशी उगाच चाळा करत राहिली. "तुज्या नावाफुडं लिवलंय... लढाईत मेलेल्या शिपायाची विधवा."

कस्तुराबाईनं मुसळ हळूच भिंतीला टेकवलं. तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं, गळ्यात काळी पोत होती. मनगटावर हिरव्या बांगड्या होत्या आणि त्या चाँदबीनंच दिवाळीत भरल्या होत्या. वीस वर्षं दर दिवाळीला तीच भरत आली होती.

"चुकलं आसंल त्यांचं," कस्तुराबाई म्हणाली. "गुरुजींकडं जाते. ते लिवतील सायबाला."

गुरुजी म्हणजे महिपती गुरुजी. नवलाख उंबरे गावचा माणूस. १९१४ साली लोकल बोर्डाच्या शाळेवर मास्तर म्हणून करंजवाडीत आला तेव्हा विशीतला होता, बिनलग्नाचा होता, आणि इंद्रायणीच्या डोहात पोहायची त्याला भारी हौस होती. त्या डोहातच त्याची आणि गेणू शेलारची दोस्ती झाली. गेणू म्हणजे कस्तुराबाईचा नवरा. दोघं एकाच वयाचे, म्हणून महिपती तिला वैनी म्हणायचा.

पुढच्याच वर्षी गेणू पलटणीत भरती झाला आणि बोटीत बसून इराकातल्या बसऱ्याकडे लढाईवर गेला. तिथून त्याची पत्रं यायची. पलटणीतला कुणी शिकलेला सोबती ती बाळबोध अक्षरात लिहून द्यायचा. पत्र आलं की गुरुजी शाळा सुटल्यावर शेलारांच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि मोठ्यानं वाचायचे. म्हातारी सासू समोर पदर सावरून बसायची. कस्तुरा अठरा वर्षांची, ती दाराआड उभी राहायची. गेणू सुटीवर एकदाच आला, पंधरा दिवस. परत गेला तेव्हा तिला दिवस गेले होते हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

१९१७ च्या शिमग्याच्या सुमारास सरकारी कागद आला. तो इंग्रजीत होता. गावात इंग्रजी जाणणारे एकटे गुरुजी. त्यांनी कागद उघडला आणि बराच वेळ त्यांची नजर त्यावरून हलेना. म्हातारीनं ओट्याचा खांब धरला. दाराआड कस्तुराला आठवा महिना होता.

"बेपत्ता आहे म्हणतात," गुरुजी म्हणाले. "शोध चालू आहे. लागला की कळवतील."

"मेला न्हाई न्हवं?" म्हातारीनं विचारलं.

"नाही."

त्या एका शब्दावर कस्तुराबाई वीस वर्षं जगली.

मुलगी झाली. वर्ष-दीड वर्षाची झाली, चालायला लागली, आणि मानमोडीच्या तापाच्या साथीनं नातीला आणि आजीला एकाच आठवड्यात नेलं. घरात कस्तुराबाई एकटी उरली. महिन्याच्या महिन्याला कामशेतच्या पोस्टात जाऊन अंगठा उठवायचा आणि सरकारचे पैसे घ्यायचे. ते शोध लागेपर्यंत घरखर्चाला देतात, असं गुरुजींनीच सांगितलं होतं. चुलतदिराच्या भाताच्या खाचरात ती आवणी-कापणीला राबायची. सांजेला दिवा लावला की न चुकता एकदा रस्त्याकडे बघायची.

लढाई संपली. पलटणी परतू लागल्या. तेव्हा ती करंजवाडीहून लोणावळ्याला चालत जायची, कारण घाट चढून आलेली गाडी तिथं जास्त वेळ थांबते असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. घाट चढायला मागून लावलेलं इंजिन सुटेपर्यंत ती डब्या-डब्यात डोकावायची. गणवेशातली माणसं बघायची. एकदा एका शिपायानं तिला विचारलं, "बाई, कोन हवंय?" तिला नवऱ्याचं नाव घेता येईना. ती नुसतीच म्हणाली, "आमचं मानूस." शिपायानं टोपी काढली. गाडी हलेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

वलवणला तिचं माहेर. भाऊ नथू तिला न्यायला आला होता. लोणावळ्याच्या यार्डात सांधेवाला म्हणून नोकरीला असलेला रखमाजी नावाचा एक माणूस होता, त्याची बायको साथीत गेली होती. "पाट लावू. मानूस निर्व्यसनी हाय. तूबी अजून ल्हान हायेस," नथू म्हणाला. कस्तुराबाईनं रखमाजीला एकदा लांबून पाहिलं होतं. हातात हिरवा बावटा घेऊन तो रुळाशेजारी उभा होता आणि खाली वाकून एका कुत्र्याच्या पिलाला रुळावरून हुसकत होता. ते तिला पुढं कितीदा तरी आठवलं. पण भावाला ती म्हणाली, "माजा धनी जित्ता हाय. गुरुजींनी वाचलंय."

नथू परत गेला. रखमाजीनं पुढं लग्न केलं.

गुरुजींची बदली वडगावला झाली. १९३० साली त्यांनी नोकरी सोडली, मिठाच्या चळवळीत शिक्षा भोगली, मग लोकल बोर्डावर निवडून आले. आता मुंबई इलाख्याच्या असेंब्लीसाठी ते उभे होते. लोक त्याला कौन्सिलच म्हणायचे. मधल्या काळात ते करंजवाडीला क्वचित आले. आले की तिच्या कपाळाकडे बघून मान खाली घालायचे. भला माणूस, परस्त्रीकडे मान वर करून बघत नाही, असंच तिला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी ती कामशेतला गेली. बाजारपेठेत एका भाताच्या व्यापाऱ्याच्या दुकानात गुरुजींची बैठक होती. दहा-पंधरा माणसं पोत्यांवर बसली होती. पवनेकडच्या कुठल्या गावात कोण जाणार, बैलगाड्या किती लागतील, असं चाललं होतं. कस्तुराबाई दुकानाच्या पायरीशी उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली,

"गुरुजी, यादीत चूक झालीया. मला विधवा लिवलंय. तुमी सायबाला कागद करा, माजा धनी जित्ता हाय म्हनून."

एक कार्यकर्ता समजुतीनं म्हणाला, "मावशी, तसं लिवलंय म्हनून तर तुमचं मत हाय. ते खोडलं तर मत जाईल."

"जाऊ द्या की मत. मत मोठं का कुंकू मोठं?"

गुरुजींनी हातातले कागद खाली ठेवले. आता ते चाळिशी ओलांडून गेले होते, केस विरळ झाले होते. त्यांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. दुकानदारही उठला. मग ते पोत्यावरून उठून खाली जमिनीवर बसले.

"बसा वैनी."

ती बसली नाही.

"यादीत चूक नाही," ते म्हणाले. "चूक माझी आहे."

तिला कळेना. तिनं कमरेला खोचलेलं फडकं सोडलं. त्यात तो कागद होता. घड्यांवर विरलेला, पण सगळा शाबूत. "हे बघा. तुमीच वाचलंत. बेपत्ता."

"त्यात बेपत्ता नाही लिहिलेलं. जानेवारी महिन्याच्या सतरा तारखेला, नदीच्या काठी, लढाईत..." त्यांनी कागदातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "यादीत आहे तेच आहे त्यात. पहिल्या दिवसापासून."

बाजारात कुणीतरी बैलांना हाकारत होतं. तो आवाज पार लांब गेला तेव्हा तिनं विचारलं,

"आन् तुमी?"

"म्हातारी समोर होती. तुम्ही अवघडलेल्या. मला वाटलं, बाळंत होऊ दे, मग सांगू. मग मूल अंगावर होतं. मग ती दोघं गेली आणि तुमच्याजवळ दुसरं काहीच उरलं नाही. मी कितीदा आलो वैनी, ठरवून आलो. तुमचं कुंकू बघितलं की जीभ उचलायची नाही."

"माजा भाऊ आलता मला न्यायला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दुसरं घर हुतं. मानूस बरा हुता. मी म्हनलं, गुरुजींनी वाचलंय." मग थोडं थांबून, "गुरुजी, तुमी माजं आविष्य वाचलंत. चुकीचं वाचलंत."

तिनं कागदाची घडी घातली, फडक्यात बांधली आणि चालू लागली. दोन कोस वाट ती कुठंही न बसता चालली.

तीन दिवस तिनं दार लावून घेतलं होतं. चौथ्या दिवशी चाँदबी आली आणि दार उघडेपर्यंत ठोठावत राहिली. कस्तुराबाईनं कुंकू पुसलं होतं, गळ्यातली पोत काढून ठेवली होती. हातातल्या बांगड्या मात्र तशाच होत्या.

"फोडायचा धीर झाला न्हाई," ती म्हणाली. "तुज्या हातच्या हायेत. तूच फोड."

"मी बांगड्या भरनारी हाय, फोडनारी न्हाई," चाँदबी म्हणाली. "हिकडं बस."

तिनं तेल मागून घेतलं. कस्तुराबाईचा पंजा आपल्या मांडीवर घेऊन, अंगठ्याचा उंचवटा दाबत, एकेक बांगडी तिनं अख्खीच्या अख्खी उतरवली. बारा बांगड्या. एकही तडकली नाही. कस्तुराबाई त्या तीन दिवसांत रडली नव्हती. शेवटची बांगडी निघाली आणि मनगट मोकळं, हलकं लागलं, तेव्हा मात्र तिला हुंदका आला. तिचं डोकं कुरवाळत चाँदबी बसून राहिली. "वीस वर्सांत मला कळायला पायजे हुतं गं," ती मध्येच म्हणाली. "लोक कुजबुजायचे. मला वाटायचं, हिच्या जिवाला आधार हाय, कशाला मोडा."

"समद्यांनी माजी कीवच केली," कस्तुराबाई म्हणाली.

ही गोष्ट दुसऱ्या बाजूला कळायला वेळ लागला नाही. गुरुजींच्या विरोधात एक बडे जमीनदार उभे होते. त्यांची माणसं छकड्यातून करंजवाडीला आली, ओट्यावर बसली, गोड बोलली. मंगळवारी कामशेतचा बाजार आहे, तिथं चार लोकांत एवढंच सांगायचं, की या माणसानं माझ्याशी खोटेपणा केला. जो विधवेला फसवतो तो मावळाचं काय भलं करणार! पुढचं आम्ही बघून घेऊ.

कस्तुराबाईनं त्यांना पाणी दिलं. म्हणाली, "माज्या घरातलं रडं हाय ते. बाजारात मांडायला ते काय वांगी-मिरच्या हायेत व्हय?"

"मग मत कुनाला देनार?"

"ते तुमाला सांगायचं नस्तं म्हनं. तलाठीच सांगत हुता."

मतदान फेब्रुवारीत झालं. कामशेतच्या शाळेत. त्या दिवशी रस्ता नुसता माणसांनी वाहत होता. पोरं घोषणा देत होती, गाड्यांच्या बैलांना झुली घातल्या होत्या. कस्तुराबाई धुवट पांढऱ्या पातळात आली. बायांची रांग वेगळी आणि अगदी लहान होती. पाटलीणबाईंनी तिच्या कपाळाकडे पाहिलं आणि नजर वळवली, मग न राहवून तिचा हात धरला.

टेबलापाशी पुण्याहून आलेला अधिकारी होता. चष्मा सारखा करत त्यानं यादीवरून बोट फिरवलं.

"नाव?"

"कस्तुराबाई."

"नवऱ्याचं नाव?"

तिनं वळून पाहिलं. मागं उभ्या पाटलीणबाईंनी सांगितलं, "गेणू शेलार लिवा. त्या नाव घेत न्हाईत."

अधिकाऱ्यानं बोट टेकवलं. "गेणू भिवाजी शेलार, लढाईत मयत. त्यांची विधवा. आपणच ना?"

त्या खोलीत दोन कारकून होते, दारात एक पोलीस होता. बाहेर कुणाच्या तरी नावाचा जयजयकार चालला होता. आजवर हे तिच्याबद्दल दुसरे म्हणाले होते. यादी म्हणाली, गुरुजी म्हणाले. तिनं तोंडानं काढलं नव्हतं. नुसती मान हलवून भागलं असतं, पण अधिकारी कागदात बघत होता.

"व्हय," ती म्हणाली. "त्यांचीच."

तिला चिठ्ठी मिळाली. ती आत गेली आणि बाहेर आली. आत तिनं काय केलं ते चाँदबीनंसुद्धा कधी विचारलं नाही.

गुरुजी निवडून आले. चांगल्या मतांनी आले. वडगावहून निघालेली मिरवणूक गावोगाव फिरत तिसऱ्या दिवशी करंजवाडीत पोचली. हलगी वाजत होती, गुलालानं माणसं ओळखू येत नव्हती. शेलारांच्या ओट्यासमोर येताच गुरुजींनी हात वर केला. हलगी थांबली. ते गाडीतून उतरले आणि गुलालानं माखलेलं तोंड उपरण्याच्या टोकानं पुसत तिच्यापुढं येऊन उभे राहिले. सगळं गाव बघत होतं.

"वैनी, तुम्ही बाजारात बोलला असतात तर मी घरी बसलो असतो. काय करू तुमच्यासाठी? सरकारदरबारी काय हवं ते सांगा."

सगळ्यांना वाटलं, आता जमीन मागेल, पैसे वाढवून मागेल.

"मला वाचाय शिकवा," कस्तुराबाई म्हणाली.

लोक हसले. गुरुजी हसले नाहीत.

"माजा कागद फुडं कुनी वाचून दावायचा न्हाई," ती म्हणाली. "माजा मीच वाचीन."

आमदार झालेल्या माणसाला वेळ कुठला? अधिवेशन कधी मुंबईला, तर पावसाळ्यात पुण्याला. पण महिन्यातून दोन रविवार तरी महिपती गुरुजी कामशेतला गाडीतून उतरायचे आणि करंजवाडीला चालत यायचे. ओट्यावर पाटी घेऊन बसायचे. चाळिशीतल्या बाईला ग-म-भ-न गिरवायला लावताना ते पुन्हा तसेच कडक मास्तर व्हायचे. "वेलांटी उलटी काढलीत," म्हणून ओरडायचे. ती चूक पुसायची, पुन्हा काढायची. मधल्या दिवसांत चूल पेटवायला आणलेल्या रद्दीवरची अक्षरं लावत बसायची. कामशेतच्या दुकानांच्या पाट्या वाचता यायला लागल्या त्या दिवशी तिनं चाँदबीच्या नवऱ्याच्या दुकानावर 'अब्दुल' इतकं मोठ्यानं वाचलं, की तो गिऱ्हाईक सोडून बाहेर आला.

हे शिकणं कशासाठी चाललंय ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पत्र्याच्या डब्यात गेणूची सात पत्रं होती. ती तिला स्वतःच्या डोळ्यांनी वाचायची होती. वर्ष सरता सरता एका दुपारी तिनं डबा उघडला. अक्षरं फिकट झाली होती. एकेक शब्द लावायला तिला वेळ लागत होता. बोट ठेवून ती वाचत गेली. पहिली दोन पत्रं गुरुजींनी वाचली होती तशीच होती. बैलांची चौकशी, आईच्या गुडघ्याची चौकशी.

तिसऱ्या पत्राच्या तळाशी, बारीक अक्षरात, असं होतं:

"गुरुजी, खालचं आईपुढं वाचू नका. तिला येकटीला सांगा. हितं नदी मोठी हाय पर गढूळ हाय. सांजच्याला काठावर ताट घासाया बसतो तवा वाटतं, वरच्या अंगाला तूबी भांडी घासाया बसलीयास आनि तुज्या हातची राख वाहत माज्याकडं येतीया. येताना तुज्यासाठी काय आनू ते कळीव. आईचं न्हाई, तुजं काय ते."

तिनं ते तीनदा वाचलं. वाटलं, आपणच चुकीचं लावतोय. मग चौथं पत्र घेतलं. त्याच्या तळाशी एकच ओळ होती. "तिनं काय सांगितलं ते तुमी लिवलं न्हाई." पाचव्यात: "अजून तिचं काय आलं न्हाई." सहाव्यात काही नव्हतं. ते सुटीवर येऊन गेल्यानंतरचं. ती पंधरा दिवसांची सुटी तिला आठवली. घरात पाहुण्यांची रीघ होती. एका सकाळी गेणू तिच्याजवळ येऊन काही विचारणार होता, तेवढ्यात म्हातारीनं हाक मारली होती. सातव्या पत्रात, शेवटच्या, पुन्हा होतं: "तिला सांगा, मी रागावलो न्हाई. तीच माज्यावर रागावली असंल. पर काय आनू ते कळीव म्हनावं."

पुढच्या रविवारी गुरुजी आले, तेव्हा पाटी ओट्यावर नव्हती. पत्रं होती.

"हे का वाचलं न्हाईत?" तिनं विचारलं.

त्यांनी एक पत्र हातात घेतलं आणि खाली ठेवलं. "मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो. म्हातारी कधी उठायची नाही समोरून. तुम्हाला एकटीला गाठून असलं बोलायचं म्हणजे... मला लाज वाटली. त्याला मी उत्तर लिहायचो की सगळी खुशाल आहेत."

"त्यांना वाटलं आसंल, हिला आपली पर्वाच न्हाई."

गुरुजी पत्राच्या घड्या बोटानं सपाट करत राहिले.

"मेल्याचं लपवलंत ते मी सोसलं," कस्तुराबाई म्हणाली. "त्यात तुमची दया हुती. पर हे तर माजं हुतं, गुरुजी. मला आलेलं हुतं. मला ते मिळालंच न्हाई." तिनं पत्रं गोळा केली. "आता नका येऊ शिकवाया. आलं मला."

वर्षभर ते आले नाहीत. अधिवेशनात काय चाललंय ते गावात वर्तमानपत्रातून कळायचं. कुळांच्या बाजूनं ते बोलले म्हणून पाटलांच्या चावडीत कुणी कौतुक केलं, कुणी नाकं मुरडली. कस्तुराबाई शिळा अंक मागून घ्यायची आणि त्यांचं नाव आलेलं असलं की तेवढं वाचायची. त्यापलीकडे आता तिच्या सांजेला काही उरलं नव्हतं. दिवा लावला की मान आपसूक रस्त्याकडे वळायची. मग आठवायचं, की बघण्यासारखं काही नाही. माणूस गेल्याचं दुःख होतंच. पण वाट बघायची सोयही गेली होती. ती सोय तिला गेणूइतकीच आठवायची. त्या वीस वर्षांत तिच्याजवळ रोज संध्याकाळी निदान एक काम होतं.

१९३९ च्या उन्हाळ्यात गुरुजी पुन्हा आले. हातात लखोटा होता. न विचारता त्यांनी पलटणीच्या मुख्य कचेरीला लिहिलं होतं, मुंबईच्या एका ओळखीच्या मंत्र्याचं पत्र जोडलं होतं, आणि सात महिन्यांनी उत्तर आलं होतं. कागद इंग्रजीत होता. त्यांनी तो तिच्यापुढं धरला.

"हे तुम्हाला वाचता येणार नाही. मीच वाचणार. पण आहे ते वाचणार."

"वाचा."

"बसऱ्याजवळ सरकारनं एक मोठी भिंत बांधली आहे. त्या मुलखात मेलेल्या फौजेची आठवण म्हणून. पलटणीवार नावं कोरली आहेत." ते थांबले. तिच्या चेहऱ्यावर उजेड आल्यासारखं झालं होतं. तो त्यांनी पाहिला आणि क्षणभर त्यांची नजर कागदावरून बाजूला गेली. मग त्यांनी पुन्हा कागद वर धरला. "नावं आहेत ती साहेबांची आणि सुभेदारांची. साध्या शिपायांची नाहीत. पलटणीच्या नावाखाली, आणखी इतके शिपाई, असा आकडा आहे. गेणूचं नाव भिंतीवर नाही, वैनी. कचेरीच्या एका वहीत आहे तेवढं."

तिनं तो कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाली, "तुमाला सांगता आलं असतं, की नाव हाय म्हनून. मी कुटं बगाया जानार हुते?"

"हो."

"बरं केलंत," ती म्हणाली आणि आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली. "त्या आकड्यात एक आमचं मानूस हाय. तेवढं कळलं."

पाणी पिऊन झाल्यावर गुरुजींनी भीत भीत विचारलं, "वैनी, मी त्या वेळी विचारलं असतं तर काय आणायला सांगितलं असतंत त्याला?"

कस्तुराबाईनं तोंड उघडलं. काहीतरी ओठांवर असल्यासारखं. समोरच्या खाचरांवर ऊन तापलं होतं. तिनं आठवून बघितलं. दाराआड उभी राहणारी ती पोर, तिला काय आवडायचं? रंग कुठला, वास कसला, कशाच्या मागं तिचा जीव धावायचा? सासू आठवली, बैल आठवले, पत्र वाचणारा आवाज आठवला. ती पोर काही आठवली नाही.

"न्हाई सांगता येत," ती शेवटी म्हणाली. "इसरले मी, गुरुजी. तवा मला काय हवं असायचं तेच इसरले."

त्याच साली हिवाळ्याच्या तोंडाला मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि आमदारांच्या कामाला काही अर्थ राहिला नाही. पुढच्या वर्षी गुरुजी पुन्हा सत्याग्रहात गेले, येरवड्याच्या तुरुंगात पोचले. त्यांच्या घरून जाणाऱ्या पत्रांखेरीज त्यांना बाहेरून एकच नेमानं पत्र यायचं. अक्षर मोठं, ओळी वर चढत गेलेल्या, वेलांट्या मधूनमधून उलट्या. भात लावून झाला. चाँदबीची लेक रशिदा बाळंत झाली, मुलगी झाली. वलवणला भाऊ आजारी, जाऊन आले. खाली सही: कस्तुराबाई गेणू शेलार. तोंडानं जे नाव ती घेत नव्हती, ते लिहायला तिला काही वाटायचं नाही.

आणि सहीच्या वर, प्रत्येक पत्रात, एक ओळ असायची. तुरुंगातल्या सोबत्यांनी ती वाचली तर त्यांना काही उमगायचं नाही, आणि गुरुजी त्यांना सांगायचे नाहीत.

"ते अजून आठवलं न्हाई. आठवलं की कळवीन."